मोकळ्या प्लॉटवरचा डबा

आमच्या वकीलचाचांचा या जगात एकाच गोष्टीवर अढळ विश्वास होता, आणि ती म्हणजे समोरचा माणूस काहीतरी लपवतो आहे. समोर कोण आहे याला त्यांच्या लेखी फारसं महत्त्व नव्हतं. पक्षकार असो, भाजीवाली असो, की सकाळी सहज ‘आज ऊन जास्त आहे’ म्हणणारा शेजारी असो, चाचा चष्म्यावरून त्याच्याकडे बघत आणि ‘असं म्हणता?’ एवढंच विचारत. ते दोन शब्द ऐकले की ऊन खरंच जास्त आहे का, अशी शंका त्या बिचाऱ्यालाच येऊ लागे. स्वतःच्या लग्नात त्यांनी निकाहनामा तीनदा वाचला होता म्हणे, आणि तिसऱ्या वाचनात तारीख चुकलेली सापडल्यावर ती दुरुस्त होईपर्यंत सहीला हात लावला नव्हता. तोवर वऱ्हाडाची बिर्याणी थंडगार झाली. चाची ही हकीकत आल्यागेल्याला सांगायच्या, आणि दर वेळी चाचा आतल्या खोलीतून विचारायचे, ‘थंड झाली याला पुरावा काय?’

चाचा हे माझ्या वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. लातूरला गंजगोलाईच्या मागे एका बोळात, जिन्याखाली त्यांचं ऑफिस होतं. जमीन, प्लॉट, घर यांचे व्यवहार आणि त्यावरची भांडणं एवढंच ते बघत. खून-मारामाऱ्यांत त्यांना रस नव्हता. तिथं माणसं निदान उघड वैरी असतात, असं ते म्हणत. प्लॉटच्या व्यवहारात मात्र सगळेच एकमेकांना ‘अहो, घरचेच आहात’ म्हणतात, आणि हे वाक्य कानावर पडलं की चाचा पेनाचं टोपण काढत. निजामाच्या काळातले उर्दू कागद वाचू शकणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यामुळे उदगीर, चाकूर, शिरूर अनंतपाळ अशा ठिकाणांहून लोक फडक्यात गुंडाळलेली बाडं घेऊन त्यांच्याकडे येत. चाचा कागद आधी वाचत नसत, हुंगत. एकदा एका गृहस्थांनी पणजोबांच्या वेळची सनद म्हणून पिवळा पडलेला, कडा झिजलेला कागद मोठ्या अभिमानानं टेबलावर ठेवला. चाचांनी तो नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि शांतपणे परत दिला. ‘हा कागद चहा प्यालेला हाय,’ ते म्हणाले, ‘आणि तोही परवाच. आलं जास्त पडलंय.’ गृहस्थ कागद घेऊन जे गेले ते थेट रिक्षात बसले.

स्वतः चाचा मात्र कुठल्याही पक्षकाराच्या पैशाचा चहा पीत नसत. घरून भरून आणलेला थर्मास टेबलाखाली असे, आणि तो ते समोरच्याला देतही नसत. चहा देणारा आणि घेणारा, दोघांचीही जीभ सैल होते आणि सैल जिभेनं माणूस लई गोड बोलतो, असा त्यांचा सिद्धांत होता. मोबाईल आल्यावर तर त्यांच्या संशयाला नवं कुरणच मिळालं. ‘तुमचं वीज कनेक्शन आज कापलं जाणार आहे’ असा एका भामट्याचा फोन आला, तेव्हा चाचांनी त्याला नाव, वडिलांचं नाव, नेमणूक कधी झाली, नेमणुकीच्या पत्रावर सही कोणाची, ती सही त्यानं स्वतः पाहिली की ऐकीव माहिती आहे, असे प्रश्न विचारत धरून ठेवलं. शेवटी त्या पोरानंच ‘काका, सोडा ना आता’ म्हणून फोन कापला. चाचांना याचं समाधान झालं नाही. साक्षीदार मध्येच पळून गेला, अशी त्यांची तक्रार होती.

पण त्यांची खरी प्रसिद्धी होती ती डब्यामुळे. प्लॉट घेण्याआधी लोक वकिलाकडून कागद तपासून घेतात. चाचाही तपासत, तीस-तीस वर्षांचं दप्तर उपसत. पण ते झालं की ॲल्युमिनियमचा दोन पुडांचा डबा घेऊन त्या प्लॉटवर जात आणि भर दुपारी मधोमध फतकल मारून जेवायला बसत. जेवताना घाई नाही. एकेक घास सावकाश, नजर चारी दिशांना. कोणी ‘कोण तुम्ही, इथं का बसलात?’ असं विचारायला येतं का, एवढंच त्यांना बघायचं असे. जो येईल, त्याचा त्या जागेवर काहीतरी हक्क किंवा निदान डोळा आहे, असं ते धरत. चाकूरला एका प्लॉटबद्दल विकणारा शपथेवर सांगत होता की जागा मोकळी आहे, वादाचं नाव नाही. चाचांनी डबा उघडून दुसरा घास घेतला न घेतला, तोच पलीकडच्या कुडामागून एक म्हातारी काठी घेऊन आली. ‘कोन हाय रं? माझ्या गोवऱ्यांत कशाला बसलास?’ तिच्या सासूपासून तिथं गोवऱ्या थापल्या जात होत्या, आणि तिच्याकडे सासूच्या नावाचा कागदसुद्धा निघाला. चाचांनी तिथंच खिशातली डायरी काढून टिपण केलं. प्रत्येक प्लॉटचं असं टिपण त्यांच्याकडे असे: जागा कुठली, डब्यात काय होतं, कोण आलं, काय म्हणालं. भाजीचं नाव कशाला, असं मी एकदा विचारलं. ‘पुढं कोर्टात विचारलं तर?’ ते म्हणाले.

दुसरा त्यांचा नियम बहिणींचा. आमच्याकडे वडिलांच्या जागेवर मुलांइतकाच मुलींचाही हिस्सा असतो हे सगळ्यांना माहीत असतं, आणि तो हिस्सा बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही करून भावाला देऊन टाकायचा असतो हेही सगळ्यांना तितकंच माहीत असतं. रीत ठरलेली आहे. बहिणीला माहेरी बोलवायचं, गोडाधोडाचं जेवण करायचं, साडी-चोळी करायची आणि त्याच पावली तिला रजिस्ट्री ऑफिसात न्यायचं. असं कोणी चाचांकडे आलं की ते भावांना बाहेर बसवत आणि बाईला पहिला प्रश्न विचारत, ‘सकाळी काय जेवलीस, बेटी?’ नवख्या माणसाला वाटे, वकीलसाहेब भुकेले दिसतात. शिरूर अनंतपाळचे एक भाऊ तर धावत जाऊन समोसे घेऊन आले होते. बाईनं श्रीखंड, बासुंदी, पुरणपोळी यांतलं काही सांगितलं की चाचा कागद मिटून ठेवत. त्या दिवशी काही होत नसे. तिनं आपल्या घरी परत जायचं, आठ दिवस घरचं रोजचं खायचं आणि मग स्वतः यायचं. ‘गोड खाऊन आलेल्या माणसाची सही मी घेत नसतो,’ हे ऐकून कित्येक भाऊ दुसऱ्या वकिलाकडे गेले. चाचांचं ऑफिस जिन्याखालून कधी जिन्यावर गेलं नाही, त्याचं हे एक कारण.

या सगळ्या गोष्टी मी शिक्षकांच्या खोलीत रंगवून सांगत असे आणि सगळे पोट धरून हसत. माझी पाळी येईपर्यंत मला त्या फार मजेशीर वाटत होत्या.

वडिलांनी औसा रोडकडे लगतचे दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. एक चांगला ऐसपैस, दुसरा कोपऱ्यातला चिंचोळा. दोन्ही ठिकाणी चाचा जेवून आलेले होते, म्हणजे कागदाबद्दल प्रश्नच नव्हता. आई आधीच गेली होती, मग वडीलही गेले, आणि मागे मी आणि माझी अक्का असे दोघं वारस उरलो. अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी, भोकरला दिलेली. मी लातूरलाच शाळेत मास्तर, भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारा. बायकोनं घराचा नकाशा वहीच्या चौकटीच्या कागदावर कधीच काढून ठेवला होता. मोठ्या प्लॉटवर घर, चिंचोळ्यावर गाडी, तुळस आणि पाहुण्यांची खोली. बँकेला कर्जासाठी जागा माझ्या एकट्याच्या नावावर हवी होती. मी अक्काला फोन केला, सही करायला ये म्हणालो. ती म्हणाली, ‘येते की.’ झालं. मला तर हा विषय तिथंच संपला असं वाटलं.

अक्का आली त्या दिवशी बायकोनं पुरणपोळ्या केल्या. साडीही आणली होती, जरा भारीतलीच आणली होती. आता मी कितीही सांगितलं तरी कोणाला पटायचं नाही, पण माझ्या मनात खरोखर काही डाव नव्हता. बहीण घरी आली की पोळ्या करतात, म्हणून केल्या. जेवणं झाल्यावर तिला गाडीवर बसवून मी चाचांच्या ऑफिसात गेलो. त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं नाही, घरचाच ना मी. अक्काकडे बघून त्यांनी विचारलं, ‘काय जेवलीस, बेटी?’ मी हसत हसत म्हणालो, ‘पुरणपोळी.’ चाचा माझ्याकडे वळले. ‘तुला विचारलं न्हाई.’ मग अक्काच्या अंगावरच्या घडीच्या साडीकडे बघून त्यांनी पेनाला टोपण लावलं. आठ दिवसांनी ये, एकटी ये, बसनं ये आणि ह्याला स्टँडवर आणायला येऊ देऊ नको, असं तिला सांगितलं.

माझं डोकं सणकलं. चाचा, मी तुमच्या मांडीवर खेळलेला पोरगा, मला ओळखत नाही का तुम्ही, असं मी बरंच काही बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ‘ओळखतो म्हणून तर आठ दिवस,’ ते म्हणाले. ‘अनोळखी असतास तर चारात भागवलं असतं.’

पुढचे आठ दिवस मी धुमसत होतो. चाचांच्या संशयी स्वभावाची जी वाखाणणी मी वर्षानुवर्षं केली होती, ती सगळी मागे घेतली. मित्रानं दुसरा वकील सुचवला. तो वकील म्हणाला, बहिणीला उद्या घेऊन या, तासाभरात मोकळे. मी लगेच अक्काला फोन लावला. ती म्हणाली, ‘चाचांनी आठ दिवस सांगितलेत ना? मग आठ दिवसांनीच येते.’ फोन ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या बहिणीचा संशय आला. त्याच्या पाठोपाठ चाचांचाही आला. या दोघांचं आपापसांत काही ठरलं आहे का, बायकोचं त्यात काही आहे का, असा विचार करत मी पडून राहायचो. एखाद्या आठवड्यात माणूस चाचा कसा होतो, ते मी स्वतःवरून सांगू शकतो.

आठव्या दिवशी अक्का भोकरहून एकटी आली. अंगावर नेहमीची, धुवून विरलेली साडी. मी स्टँडवर गेलो नाही, थेट ऑफिसात पोचलो. चाचांनी काय खाल्लंस विचारलं, तिनं रात्रीची भाकरी आणि ठेचा सांगितला. चाचा प्रसन्न झाले आणि त्यांनी मला बाहेर काढलं. मी बोळात उसाच्या रसाच्या गाड्यापाशी उभा राहून त्या दाराकडे बघत होतो. आतून आवाज येत नव्हता. बऱ्याच वेळानं चाचांनी हाक मारली.

अक्का खुर्चीत अगदी ताठ बसली होती. ‘बाळू,’ ती म्हणाली, ‘मी सही करणार न्हाई.’ मग तिनं सावकाश सांगितलं की मोठा प्लॉट मी घ्यावा, त्यावर तिचं काही म्हणणं नाही, पण कोपऱ्यातला चिंचोळा तिला हवा. तिथं काही बांधायचं नाही, विकायचंही नाही. ‘शेत सासऱ्याच्या नावावर हाय, घर ह्यांच्या नावावर हाय, गॅसचं पुस्तक बी ह्यांच्याच नावावर. साऱ्या दुनियेत बाबांच्या त्या एका कागदावर माझं नाव लागलंय. ते मीच आपल्या हातानं कसं खोडू?’

मी म्हणालो, हे त्या दिवशी का नाही सांगितलंस. अक्का पहिल्यांदाच खाली बघत बोलली. ‘तुझ्या बायकोच्या हातच्या पोळ्या खाऊन कसं सांगू रे?’

मला राग आला होता, हे कबूल करतो. लाजही वाटली, पण ती नंतर, आणि थोडी थोडी. चाचांनी त्याप्रमाणे वाटणीपत्र लिहिलं. हे बरोबरीचं होत नाही, तुला कमी मिळतंय, असं त्यांनी अक्काला तीनदा बजावलं, आणि तिन्ही वेळा तिनं तेच उत्तर दिलं तेव्हाच रजिस्ट्री झाली. घर झालं, पाहुण्यांच्या खोलीशिवाय झालं. वास्तुशांतीला मी चाचांना बोलावलं. ते आले, पण घरून जेवून. मी त्यानंतर त्यांच्याकडे जाणं जवळजवळ सोडूनच दिलं. अक्का दिवाळीला यायची, मीही भाऊबीजेचं सगळं रीतसर करायचो, पण दोघांच्याही बोलण्यात जरा जपून चालल्यासारखं असायचं.

मध्ये तीन-चार वर्षं गेली. चिंचोळा प्लॉट तसाच मोकळा होता. मोकळा म्हणजे, बांधकामातल्या उरलेल्या विटा मी तिथं रचल्या होत्या. मग उन्हात नको म्हणून गाडी त्या बाजूला लावू लागलो. बायकोनं कढीपत्ता लावला. धुणं वाळत घालायची दोरी आमच्या खिडकीपासून पलीकडच्या खांबापर्यंत ताणली. यातली एकही गोष्ट ठरवून केली नव्हती, आणि म्हणूनच बहुधा कोणाला विचारायचं सुचलं नाही.

एका रविवारी दुपारी बायको म्हणाली की शेजारी कोणीतरी म्हातारा येऊन बसला आहे. मी तणतणत बाहेर गेलो. माझ्या विटांवर, माझ्या वाळत घातलेल्या विजारीच्या सावलीत चाचा बसले होते. काठी बाजूला टेकवलेली आणि समोर तोच ॲल्युमिनियमचा डबा उघडा. किती वाळले होते. मला बघून त्यांनी ओळख दिली नाही. चष्म्यावरून नजर वर करून परक्याला विचारावं तसं विचारलं, ‘आपण कोण?’

हा प्रश्न ते का विचारत आहेत, हे मला पुरतं माहीत होतं. ‘मालक’ हा शब्द माझ्या तोंडाशी आला होता, हे मी आजही नाकारत नाही. मी म्हणालो, ‘मी शेजारी. जागा माझ्या बहिणीची आहे, ती भोकरला असते. बसायचं असेल तर तिला विचारावं लागेल.’

‘असं म्हणता?’ चाचा म्हणाले. ‘मग हे धुणं कोणाचं?’

‘माझं.’

‘तिला विचारलंत?’

‘नाही.’

त्यांनी डायरी काढली, काहीतरी लिहिलं, परत खिशात घातली. मग भाकरीचा अर्धा तुकडा मोडला, त्यावर मेथीची भाजी ठेवली आणि माझ्यापुढे धरली. साऱ्या वकिलीत त्यांनी कुठल्या पक्षकाराला घोटभर चहा दिला नव्हता. मी शेजारी बसून खाल्ली. भाजी भयंकर खारट होती. चाची गेल्यापासून डबा ते स्वतःच भरत होते, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस मी फिरकलो नव्हतो याचं फार वाईट वाटलं, आणि मी तसं त्यांना सांगितलं. ते फक्त म्हणाले, ‘खा, बेटा.’

संध्याकाळी अक्काला फोन केला आणि दोरी, गाडी, विटा, कढीपत्ता सगळं एका दमात सांगून टाकलं. तर ती विचारते, ‘आज काय जेवलास, बाळू?’ मी म्हणालो, चाचांची खारट मेथी. ती इतकी हसली की मलाही हसू आवरेना, आणि कित्येक वर्षांनी आम्ही दोघं भावंडांसारखे बोललो. शेवटी तिनं फर्मान काढलं. कढीपत्ता राहू दे. विटा, गाडी आणि दोरी काढ.

पुढच्याच वर्षी चाचा गेले. मी मातीला गेलो होतो. नंतर त्यांच्या मुलानं मला ऑफिसात बोलावून डायऱ्यांच्या गठ्ठ्यातली शेवटची डायरी दाखवली. वकिली तर त्यांनी केव्हाच बंद केली होती, तरी तेवढं एक टिपण होतं. त्यांच्या बारीक, जपून काढलेल्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘औसा रोड, चिंचोळा. मेथी, भाकरी. भाऊ आला. बहिणीचं नाव सांगितलं. धुणं आहे. पुन्हा येऊन बघणे.’

दोरी मी अक्काशी बोललो त्याच संध्याकाळी काढली होती. ते बघायला यायचं मात्र चाचांचं राहून गेलं.